काळा बोळा

दि. १९ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पुस्तक येऊन चार महिने झाले आणि मी पोच आज लिहितोय, त्याबद्दल आधी माफ कर. चष्म्याची काडी मोडली होती. मग पंपाचं काम निघालं, मग तुझ्या आईचा गुडघा. बाकी सगळे बरे आहेत. तिकडे गारठा असेल तर कान झाकून बाहेर पड. झोपताना दाराची कडी दोनदा बघत जा.

पुस्तक पूर्ण वाचलं. रोज एक पान, ओळीखाली बोट ठेवून. मी सातवी नापास, पण तू माशांच्या हौदावर काम करणाऱ्यांसाठीच लिहिलंयस, त्यामुळे अडलं नाही. चौतीस वर्षं मी स्टर्जन मासे पाळले. एवढ्या मोठ्या माशाचं आतडं इतकं आखूड, तरी त्याचं भागतं कसं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तू लिहिलंयस, आत मळसूत्रासारखी घडी असते, अन्न तिच्यावरून फिरत फिरत सावकाश उतरतं, म्हणून अंगी लागतं. एक मासा मेला होता, तो उघडून पाहिला. अगदी तसंच. आपला पंपवाला भोंगा शेजारी होता. त्याला म्हटलं, "बघ, हे माझ्या मुलीने लिहिलंय."

"काका, तुमची मुलगी जन्मायच्या आधीपासून तो मासा असाच आहे."

त्याला काय कळतंय.

आता यंदाची गोष्ट. पिल्लं निघाली आणि पाणी एकदम गार झालं. नवव्या दिवशी मॅनेजर बाई तक्ता घेऊन आल्या. "काका, आजपासून खाणं सुरू."

मी म्हटलं, "बाई, अजून बोळा पडला नाही."

पान सत्तावीस मला पाठ होतं. पिल्लू आधी पोटातल्या बलकावर जगतं, तोवर त्याच्या आतड्यात काळा बोळा बसलेला असतो. तो बाहेर पडून तळाशी दिसला की मगच पहिला घास. आधी घातलं तर ते खात नाही, खाणं तळाशी कुजतं आणि पाणी नासतं. गार पाण्यात बोळा उशिरा पडतो.

"आणि हौद मेला तर?"

"माझ्यावर घाला. लिहून देतो."

दिलं लिहून. मग तीन दिवस माझं काय झालं ते मलाच ठाऊक. भोंगा येता जाता विचारायचा, "उपाशी मारताय का हो पिल्लांना?" हात खाण्याच्या डब्याकडे जायचा, मी तो खिशात घालायचो. बाराव्या दिवशी सकाळी हौदाच्या पांढऱ्या तळावर बारीक काळे पीळ दिसले, पेन्सिलींची टोकं मोडून पडावीत तसे. मी भोंग्याला हाक मारली. वाकून पाहिलं त्याने, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "ठरली की हो पोरगी खरी."

शंभरातली ऐंशीच्या वर जगली. बाकीच्या दोन हौदांत तक्त्याप्रमाणे घातलं होतं. त्यांचं काय झालं ते लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. पण पान सत्तावीस आता ऑफिसच्या भिंतीवर आहे. बाईंनी विचारलं, हे लिहिणारी तुमची कोण? मी जरा थांबून सांगितलं. उगाच नाही थांबलो, दोन माणसं अजून यायची होती.

ठके, चष्मा दोन दिवसांत दुरुस्त झाला होता.

तू नऊ वर्षांची होतीस, तेव्हा अख्खा हौद मेला. तुझ्या मुठीत बिस्किटाचा चुरा होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, हिनेच मारले. तू रडली नाहीस, नुसती मूठ मिटून उभी राहिलीस. तेव्हापासून इथे तुला बिस्किटवाली म्हणायला लागले आणि मीही हसायचो. खरं असं, की त्याआधी तीन सकाळी मी उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून हौदात घालत होतो. वेळ झाली नव्हती, पण इतकी पिल्लं उपाशी बघवेनात. तळाशी पिवळा चिखल मीच पाहिला आणि कुणी यायच्या आत उपसून टाकला. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. पुढे घाबरायचं कारण उरलं नाही, तरी बोललो नाही.

पान सत्तावीसवर शेवटी तू लिहिलंयस, "ही चूक मायाळू माणसाकडून जास्त होते." ते वाचून पुस्तक मिटलं. म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचं धाडस नाही. मायाळू शब्द मात्र मला झेपला नाही. हौदाबाबत असेन. तुझ्याबाबत नव्हतो.

परवा डबा खाताना सगळ्यांना सांगितलं. त्या वेळच्यांपैकी भोंगा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, दोघंच उरलेत. मावशी म्हणाल्या, "मग इतकी वर्षं त्या पोरीला नावं कशाला ठेवली आम्ही?" घरी तुझ्या आईला सांगितलं, तर ती भाजी निवडत होती, वर पाहिलंही नाही. "मला काय सांगताय, तिला लिहा." म्हणून हे पत्र.

पिल्लं आता बोटाएवढी झालीत. जूनमध्ये मोठ्या हौदात हलवणार, त्याआधी तू येऊन पाहावंस असं फार वाटतं. राग आला असेल तर तसं लिही, मी सगळं वाचेन. लिहिशील की नाही याची धास्ती आहे. टपाल अकराला येतं, तेव्हा मी फाटकापाशीच असतो. एक ओळ पुरे, पण लवकर कळव.

तुझा अपराधी,
बाबा