आधी चेहरा, मग जखम

बाबा, काल बेसमेंट आवरताना तुम्ही काढलेलं माझं चित्र सापडलं. मानेवरच्या भाजलेल्या जखमेचं.

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आपल्या किचनमध्ये दिवाळीच्या चकल्या तळताना कढई कलंडली आणि तेल माझ्या मानेवर उडालं. त्यानंतर रोज संध्याकाळी हॉस्पिटलमधून आलात की तुम्हीच ड्रेसिंग बदलायचात. मी हलू नये म्हणून समोर एक जाड पुस्तक उघडून ठेवायचात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका सर्जनने लढाईनंतर जखमी सैनिकांवर उपचार करता करता त्यांची चित्रं काढली होती, ती त्यात होती. एकाचा हात खांद्यापासून गेलेला, उरलेल्या हाताने दोरी धरून तो कसाबसा तोल सांभाळतोय. मी डोळे घट्ट मिटते. "आधी चेहरा बघ, मग जखम," तुम्ही म्हणता. "या माणसाने कुणाचा चेहरा गाळला नाही बघ." मी बघते. सैनिक फार दमलेला आहे. मग त्याच्या खांद्याची तेवढी भीती वाटत नाही.

एके दिवशी तुम्ही रंगांची पेटी घेऊन आलात. "मलाही जमतंय का बघू."

"बट नोबडी सीज इट. प्रॉमिस?"

"प्रॉमिस. तुझ्यामाझ्यातलं."

त्या शब्दावर मी जखम दिसेल अशी मान वळवून बसले. शाळेत तर मी पुढे उकाडा सुरू झाल्यावरही उंच गळ्याचे शर्ट घालत होते, हे तुम्हाला ठाऊक होतं.

पुढच्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने तुमचं भाषण ठेवलं, त्याच सर्जनच्या चित्रांवर. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलेलं, मागे मसालेभाताचे ट्रे. प्रोजेक्टरचं बटण तुम्ही माझ्या हातात दिलंत. केवढी मिरवले मी! पोट फाटलेला सैनिक आला तसे एक काका ओरडले, "डॉक्टर, जेवायचंय अजून, यार!" सगळे हसले. मी पुन्हा बटण दाबलं आणि भिंतभर मी आले.

"ही माझी स्वतःची एक केस," तुम्ही म्हणालात. केस.

"अगंबाई, ही तर यांचीच मुलगी!" मागून एक काकू म्हणाल्या. "डाग जाईल ना हो लग्नापर्यंत?"

मी बटण दाबलं. ती शेवटची स्लाइड होती. नुसता पांढरा उजेड पडला आणि त्यात सगळ्यांनी माझ्या शर्टाच्या गळ्याकडे पाहिलं.

कारमध्ये मी म्हणाले, "इट वॉज माय नेक, बाबा." तुम्ही खरंच गोंधळलात. "अगं, बाहेरच्या कुणाला दाखवलं का? आपलीच माणसं ती." मंडळ म्हणजे तुमचं घर होतं. घरात दाखवलं तर वचन मोडत नाही, असा तुमचा हिशेब. माझं घर त्या किचन टेबलाएवढंच होतं, आणि त्यात तुम्ही एकटे होतात. त्या दिवसापासून डागावरचं मलम मी स्वतः लावू लागले, आरशात बघून. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत.

भिंतीवर मी फक्त मान पाहिली होती, सगळ्यांसारखीच. काल पहिल्यांदा आधी चेहरा पाहिला. बाबा, तो तुम्ही फार सुरेख काढलाय. ती मुलगी चित्र काढणाऱ्याकडे बघतेय, जराही न घाबरता. तिला बघून राग गेला नाही, वाढलाच. हे ऐकायला आता तुम्ही नाही आहात, आणि असतात तर मी बोलले नसते.

एवढंच कबूल करते, की त्या मुलीसारखं मी नंतर कुणाकडेच पाहिलेलं नाही.