मऊ चीज, बोथट सुरी

३ डिसेंबर, बुधवार. पालम
आज ह्यांनी स्वतःहून खायला मागितलं. तोंडाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, त्यानंतर पहिल्यांदाच. मी शाळेच्या वह्या तपासायले होते, आतून हाक आली. गालाचा भाग काढल्यापासून ह्यांचं बोलणं फक्त मला न् मयूला कळतं.
"ते... पुण्याचं. खारट."
आधी उमगेना. मग कळलं, चीज. मयूकडं पुण्याला गेलो तेव्हा लेकीनं कौतुकानं खाऊ घातलं होतं. तेव्हा म्हणाले होते, साबणाची वडी हाय ही.
पालममधे एकाच दुकानात मिळालं, आइस्क्रीमच्या फ्रीजात. पण तोंड बोटभरच उघडतं. वडी आत जाईना. सुरीनं तुकडे केले तर ते टाळूला चिकटले. ठसका लागला, डोळ्यातून पाणी. मी डबी उचलायला लागले तर हात धरला.
"राहू दे. चव लागली."
चव लागली म्हणाले.

५ डिसें.
नांदेडच्या डॉ. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, चीज द्या, अंगात ताकद येईल, पण मऊ अन् कमी मिठाचं. घरीच केलं तर उत्तम.
तोवर विकतचं किसून बघितलं. खोबऱ्याच्या किसणीवर नुसता लगदा झाला. आल्याच्या बारीक किसणीवर छान पडलं, कापसासारखं. पण ह्यांच्या तोंडात थुंकीच होत नाही आता. कोरडा कीस गालात फिरत राहिला. शेवटी बोटानं काढावा लागला. त्यांनी तोंड फिरवलं. मला बघू द्यायचं नव्हतं.

६ डिसें., शनि.
विहारात गेलो. दरसाली वंदनेत ह्यांचाच आवाज सगळ्यात पुढं असायचा. एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जायचा. आज ओठ हलवत होते. शेजारच्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी समोर बघत राहिले.

९ डिसें.
शेजारच्या काकूंकडून म्हशीचं दूध. उकळी आणली, व्हिनेगर टाकलं, ओढणीत बांधून टांगलं. रबर झालं. ओढणीची वीण मोठी, निम्मं पाण्याबरोबर गेलं. मयू फोनवर म्हणे, "मम्मी, उकळू नको, नुसतं गरम कर. मलमल घे."
मलमल गंगाखेडहून मागवली. दूध किती तापलं बघायला तापाचा थर्मामीटर घेतला होता, तोही बिनकामाचा. बोट बुडवूनच अंदाज घेतला.

१३ डिसें.
जमलं. मंद आचेवर दूध, मलमलीत निथळवलं, चिमूटभर मीठ, थोडं लोणी, मिक्सरमधे फिरवलं. लोण्यासारखं मऊ.
आता भरवायचं कशानं? स्टीलचा चमचा दाताला लागला की कळ थेट कानात जाते. मेडिकलमधून लेकरांचा प्लॅस्टिकचा चमचा आणला, लहान, पिवळा. त्यावर बदकाचं चित्र. ते मी बघितलंच नव्हतं.
ह्यांनी बघितलं. हातानं ढकलून दिला. चीज भिंतीला.
"मी काय लेकरू हाय?"
मी भिंत पुसली. दुपारी दोघंही जेवलो नाही.

१४ डिसें.
जबडा उघडायच्या व्यायामाला आइस्क्रीमच्या काड्या देतात, एकावर एक ठेवून दातात धरायच्या. सकाळी व्यायाम झाल्यावर त्यातलीच एक काडी त्यांनी स्वतः वाटीत बुडवली. चीज लावलं. आत नेलं.
मी ओट्याकडं तोंड करून भांडी घासत राहिले, उगाच.

२१ डिसें., रवि.
मयू आली. पुण्याहून खोकं घेऊन. लाकडी पाट, पोळपाटासारखा पण लांबट, अन् चार छोट्या सुऱ्या. एकीला टोकाला दोन काटे, कापायचं अन् त्यावरच उचलून द्यायचं. एक पातळ, एक कुऱ्हाडीसारखी. अन् एक रुंद, बोथट, नुसती लावायची.
ह्यांनी प्रत्येक हातात घेऊन तोलून बघितली. तिकिटाचं मशीन पहिल्यांदा मिळालं तेव्हा असंच बघत बसले होते. बोथट सुरी ठेवून घेतली. कड गुळगुळीत, पातं लाकडाचं, दाताला टोचत नाही.
"सुरीनं खायलोय. साहेब झालो."
मयू हसली. मग बाथरूममधे गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२८ डिसें.
रशीदभाई आले. ह्यांच्या गाडीचे ड्रायव्हर, कितीतरी वर्षं दोघं एकाच गाडीवर. जिंतूरला बदली झाल्यापासून भेट नव्हती. ऑपरेशननंतरचा चेहरा त्यांनी आज पहिल्यांदा बघितला.
ह्यांनी मला उठूच दिलं नाही. स्वतः पाट मांडला, विकतचं चीज काट्याच्या सुरीनं कापलं, टोकावर तुकडा उचलून पुढं केला.
"तू भी ले ना भाई," रशीदभाई.
हे म्हणाले, "नंतर." त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, नंतर खातात.
चारचौघात खात नाहीत आता. गळतं.
रशीदभाईंनी पाटावरचं सगळं संपवलं. एक तुकडा उरवला नाही. आवडत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. जाताना दारात चप्पल घालताना मला म्हणाले, "भाभी, गाडी सुरू करता तो आजभी पीछे से आवाज की राह देखता मैं." गेले.

११ जाने.
ह्यांचं वजन थोडं वाढलं. आता रोज चीज. कधी त्यात जिऱ्याची पूड, कधी नुसतं. शाळेतल्या बाया विचारतात, पार्टी हाय का रोज?
हो म्हणते.

२६ जाने., सोम.
मी झेंडावंदनाहून आले. वाटी तशीच. बोथट सुरीवर चीज वाळून पिवळं पडलेलं. ह्यांनी काही खाल्लं नाही.
"टोचायलंय. आतून."
बॅटरी लावून बघितलं. टाक्यांच्या मागं पांढरं. आधी नव्हतं. मी म्हटलं, चीजच चिकटलंय. ओल्या कापसानं पुसलं. निघालं नाही.
ते माझ्याकडंच बघत होते.

२९ जाने.
काडीसुद्धा एकच जाते दातात. सुरी जातच नाही. चीज दुधात पातळ केलं, मलमलीतून दोनदा गाळलं, सिरिंजमधे भरलं. सिरिंज बघून मान हलवली. मग टोपणाला तोटी असलेला कप. घोटभर गेलं, बाकी छातीवर.
मी पुसायला गेले तर फडकं हातातून घेतलं. स्वतः पुसलं. नीट घडी घालून ठेवलं.

२ फेब्रु., सोम. नांदेड
त्या पांढऱ्याचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट गुरुवारी. डॉ. मॅडम म्हणाल्या, वाट बघत उपाशी ठेवू नका, नाकातून नळी घालू, त्यातून अन्न जाईल. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी रिपोर्टची पावती पर्समधे ठेवली.
बस स्टँडकडं येताना हे भांड्याच्या दुकानासमोर थांबले. मला वाटलं चक्कर आली. आत गेले. दुकानदाराला खुणेनं सांगत होते, तो वैतागला, मी पुढं झाले तर मला मागं सारलं. शेवटी स्वतःच फळीवरून उचललं. काचेची ताटली, निळ्या काठाची. अन् एक चांगली धारेची सुरी.
"कोणाला?" मी.
बसमधे सांगितलं. खुणेनं नाही, तोंडानं. दोनदा सांगावं लागलं.
"तुला. तू भांडं खरवडून उभ्या उभ्या खातीस."

४ फेब्रु.
मयूचा फोन. पप्पा नळीला हो म्हणाले का? म्हटलं, विचारलं नाही परत. विचार ना मम्मी. हो.
विचारलं नाही.
शाळेतून आले तर ताटली पुसून मांडलेली. मला खुर्चीवर बसवलं. विकतची वडी फ्रीजमधून काढली, नव्या सुरीनं पातळ काप केले, एकसारखे. ताटली पुढं सरकवली.
मी म्हटलं, "तुमी?"
मानेनंच, खा.
एक काप तोंडात टाकला. समोरच्या खुर्चीवर बसून ते माझ्या तोंडाकडं बघायले होते, माझा जबडा हलतो तसा त्यांचाही थोडा हलत होता.
"कसंय?"
"चांगलंय."
दुसरा काप पुढं केला. मी घेतला. हळूहळू चावला.