तुमच्या लेकीनं आमच्या गाडीचं काय केलं

सौ. विहीणबाई यांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, असं तुमच्या जावयाकडून (म्हणजे आमच्या चिरंजीवांकडून) कळलं, बरं वाटलं. व्याह्यांचा खोकलाही थांबला असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा बसून वाचा.

तुमच्या लेकीनं आमची गाडी हाताबाहेर घालवली. ह्यांनी निवृत्त होताना घेतलेली ती राखाडी, सभ्य गाडी तुम्ही पाहिलीच आहे. आता ती जमिनीला पोट टेकून चालते. गतिरोधक आला की हे उतरतात, चालत पलीकडे जातात, आणि गाडी कण्हत कण्हत मागून येते. (रस्त्यावरचे लोक आता ह्यांना ओळखीचा नमस्कार करतात.) वजन कमी करायचं म्हणून मागची सीट काढली, ती बैठकीत ठेवली आहे, पाहुणे तिच्यावर बसले की सवयीनं पट्टा शोधतात. सायलेन्सर बदलल्यापासून सूनबाई घरी येते आहे हे कपाटातल्या कपबश्याच आधी सांगतात.

हे सगळं कशासाठी, तर स्पर्धेसाठी. रोजच्या वापरातल्या गाड्यांमध्ये फेरफार करून कोण जास्त ताकद काढतो, याची स्पर्धा असते. चार लोकांत शोभा झालीच तर घरचं कोणी हवं, म्हणून ह्यांना घेऊन मीही गेले. मोठ्या शेडमध्ये गाडीची चाकं रोलरवर चढवतात. मग गाडी जिवाच्या आकांतानं धावते, पण जागची हलत नाही, आणि समोरच्या पडद्यावर ताकदीचा आकडा चढत जातो. (माझ्या संसाराचं इतकं नेमकं चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं.)

आमचा आकडा झकास चढत होता, चिरंजीव खुर्चीवर उभे राहिले होते, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. इंजिनाला हवा देणारा पाइप निसटला आणि आकडा कोसळला. पंचांनी दुरुस्तीला थोडा वेळ आणि एक शेवटची संधी दिली. तुमच्या लेकीनं बॉनेट उघडलं खरं, पण पाइप धरावा तर पट्टी सुटत होती, आणि ती रडकुंडीला आली होती. चिरंजीवांनी मदत करायची म्हणून एक स्क्रू हरवला. मला राहवेना. मी कठडा ओलांडायला गेले तर पहारेकऱ्यानं अडवलं. "मी तिची सासू आहे," म्हटल्याबरोबर तो बाजूला झाला, आणि तिच्याकडे मात्र त्यानं फार कळवळून पाहिलं.

"आई, लांब व्हा, भाजेल!"

"काय धरायचं ते सांग. रडायचं ते नंतर."

मी शाल गुंडाळून पाइप दाबून धरला, तिनं वरची पट्टी आवळली. शाल गेली. (नवी होती.) पण या खेपेला पाइप जागचा हलला नाही. विहीणबाई, तुमची लेक तिसरी आली! हे इतके जोरात ओरडले की घसा बसला, आणि दोन दिवस घरात शांतता होती.

तर अशी तक्रार आहे. रागावला नसाल तर लोभ ठेवा, रागावला असाल तरीही ठेवा.

तुमची,
विहीण

ता. क. – नाव पुकारल्यावर ती आमच्याकडे बघून हसली, पण नजर मागच्या खुर्च्यांवरून फिरत राहिली. कोणाला शोधते आहे, हे मला विचारावं लागलं नाही. "लग्न झालं, आता हे खूळ सोड," असं तुम्ही तिला म्हणालात, तेव्हापासून फोनवर तुम्ही दोघी फक्त हवापाण्याचं बोलता. आमच्या भिंती पातळ आहेत. पुढची फेरी येत्या रविवारी आहे. या. मी बोलावलं असं सांगू नका, सहज आले म्हणा. कानात घालायला कापूस मी आणते.

आणखी एक – सूनबाई मला गाडी शिकवते आहे. घरात कोणाला पत्ता नाही. शेजाऱ्यांचं फाटक वाऱ्यानं वाकलं, असं आम्हा दोघींचं ठरलं आहे. कोणी विचारलंच, तर तुम्हीही वाराच सांगा.