आजीचं माहेरचं नाव

प्रिय आजी,

पत्र लिहायची सवय मला नाही, हे तुला माहीत आहे. पण काल तुझं नाव हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून लिहिते.

आधी चूक कबूल करते. घरचा कॉम्प्युटर फार रेंगाळत होता, म्हणून परवा मी तो पुसून नव्याने लावला. फोटो, फायली आधी बाजूला काढल्या. पण बाबाच्या ईमेलचा पासवर्ड फक्त ब्राउझरच्या लक्षात होता, बाबाच्या नाही. तो गेला. हे मला, कॉम्प्युटरच शिकलेल्या मुलीला, सुचायला नको होतं का?

आणि त्या ईमेलमध्ये तू होतीस! मी नागपूरला हॉस्टेलवर असताना दर रविवारी तू सांगायचीस, बाबा टाइप करायचा, ती सगळी पत्रं. माझा कॉलेजचा ईमेल पदवीनंतर बंद झाला. म्हणजे तुझी पत्रं एकाच ठिकाणी उरली होती आणि त्या दाराला मीच कुलूप लावलं होतं.

खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बाबाने केव्हाच सोडला होता. उरला एकच मार्ग, गुप्त प्रश्न. प्रश्न इंग्रजीत होता: आईचं माहेरचं नाव काय?

‘सोप्पं आहे ना,’ बाबा म्हणाला. ‘सावंत.’

चूक. स्पेलिंगमधला व्ही काढून डब्ल्यू घातला. चूक. तिसऱ्या प्रयत्नाला खातं चोवीस तासांसाठी बंद झालं.

‘वाट लागली,’ बाबा म्हणाला.

‘बाबा, तूच भरलं होतंस ना उत्तर?’

‘अगं, मी आईला विचारलं, ती स्वयंपाकघरातून काहीतरी ओरडली, मी टाकलं. किती वर्षं झाली त्याला!’

शेवटी त्याने वाकोल्याला तुझ्या भावाला फोन लावला.

‘मामा, आईचं माहेरचं नाव सावंतच ना?’

‘अरे मेल्या, ता आडनाव! नाव इचारतंस की आडनाव?’

लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘विमल’ लिहिलं, ही गोष्ट तू शंभरदा सांगितलीस. पण त्याआधी तू कोण होतीस, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. प्रश्न तयार करणाऱ्याला आडनाव हवं होतं. तुला नाव विचारलं, तू नाव सांगितलंस. बरोबर तूच होतीस.

‘मग काय होतं नाव?’ मी फोनमध्ये तोंड घातलं.

मामाआजोबा हसले. ‘तुका म्हायत नाय? आवडी. चार भावांच्या पाठीवर झाली, म्हणान आवडी.’

आज सकाळी चोवीस तास भरले.

‘सुरुवातीला ए दोन लावू की एक?’

‘एकच लाव,’ बाबा म्हणाला. ‘मी आळशी आहे.’

उघडलं!

पहिलंच पत्र: ‘मेसचं जेवण वाईट असेल तर वाईट म्हणावं. गप्प बसून बारीक होऊ नये.’ त्याखाली बाबाची भर: ‘आई रागावली आहे, मी फक्त टाइप करतोय.’ आणि माझं उत्तर? ‘ठीक आहे.’ पुढच्या पत्रालाही ‘ठीक आहे.’ त्याच्या पुढच्यालाही. तू तरीही लिहीतच राहिलीस!

एवढ्या पत्रांत एकदाही का नाही सांगितलंस गं नाव? की कोणी विचारण्याची वाट पाहत होतीस? मी विचारलं नाही. तेवढं एक राहिलं.

आता पत्रांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. खात्याला नवा नंबर जोडला आणि तो गुप्त प्रश्न काढून टाकला. नाहीतर तुझं नाव इथे लिहिताच आलं नसतं. अशी उत्तरं कोणी उघड लिहीत नाही. आता ती किल्ली नाही. नुसतं नाव आहे, कोणीही हाक मारावी असं.

पुढच्या महिन्यात तुझ्या वर्षश्राद्धाला मामाआजोबा मुलुंडला येतील, तेव्हा त्या नावाच्या मुलीबद्दल सगळं विचारून घेईन. आणि दर रविवारी तुझ्या एका पत्राला उत्तर लिहीन. ‘ठीक आहे’पेक्षा मोठं. मायना ‘प्रिय आवडी’.

तुझी, अजिबात बारीक न झालेली,
सई