वायफाय मीच आणणार

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.१०
लॅपटॉपने पहाटे आपल्या मर्जीने अपडेट घेतला. विचारलं नाही, सांगितलं नाही. आता वायफाय लागत नाही. फोनवर लागतं. म्हणजे दोष अपडेटचा, हे शेंबडं पोरही सांगेल.
शुक्रवारी ११ला हिची शाळेच्या नोकरीची मुलाखत, लॅपटॉपवर. अपूर्णांकांचा पाठ घेऊन दाखवायचाय. चौदा वर्षांनी पुन्हा शिकवायचं म्हणतेय बिचारी. घरात मोबाइलची रेंज नाही, त्यामुळे सगळी भिस्त वायफायवर. पर्यायाने माझ्यावर.
दुपारपर्यंत उरकतो.

संध्या. ६
एकोणीस वेळा रीस्टार्ट. एका इसमाचा व्हिडिओ पाहिला. अकरा मिनिटं बोलला, सांगितलं काहीच नाही. वर लाइक मागतो. शिसारी आली.

मंगळवार, ५
रजा टाकली. ही म्हणाली, जावयांना फोन करू का, ते कॉम्प्युटरमधलेच आहेत. म्हटलं, जावयासमोर हात पसरायची वेळ अजून आलेली नाही.
लँडलाइनवरून हेल्पलाइन. चाळीस मिनिटं भिकार संगीत. मग बाई म्हणाल्या, आधी शांत व्हा. मी फोन आपटणार होतो, तेवढ्यात त्यांनीच ठेवला.

बुधवार, ६
‘पहिल्यासारखा करा’ असं बटण सापडलं. दाबलं. झाला पहिल्यासारखा, म्हणजे दुकानातून आणला तसा. हिच्या पाठाची फाइल गेली. नीट सेव्ह केली नसणार.
ही वही घेऊन सगळं पुन्हा लिहायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.
वायफाय नाहीच.

गुरुवार, ७
हिने परस्पर जावयांना बोलावलं. घरातच फितुरी!
त्यांनी राउटरची सेटिंग्ज उघडली. आत एक यादी. यादीत असेल त्याच यंत्राला वायफाय मिळणार. अपडेटने लॅपटॉपला नवी ओळख दिली, यादीत जुनीच. जावई म्हणाले, “बाबा, ही यादी कोणी केली?”
मी केली. दोन वर्षांपूर्वी. वरचे डेंटिस्ट आमचं वायफाय फुकट वापरतात असा दाट संशय होता.
म्हटलं, कंपनीवाल्यांनी केली असेल. ते दुरुस्त करायला लागले, तर म्हटलं, राहू द्या, घर माझं आहे, मी करतो. गेले.

संध्या. ७
यादी पुसताना राउटरच पुसला गेला. आता फोनवरही नाही. भंगार माल बनवतात लेकाचे.

शुक्रवार, ८. सकाळी १०.४०
मी टेबलाखाली, वायरींत. ही तयार होऊन बसलेली. म्हणाली, “अहो, या बाहेर. पुरे झालं.” लॅपटॉप आणि वही उचलून वर गेली. डेंटिस्टकडे!

११.२५
वरून हिचा आवाज ऐकू येतोय. पाव, अर्धा, पाऊण. न अडखळता. किती छान शिकवते. मी कधी ऐकलंच नव्हतं. लाज वाटली.
अर्थात, टेबलाखालची वायर सैल होती, हे मीच शोधलं.

शनिवार, ९
हिला नोकरी लागली. सोमवारपासून रुजू.
डेंटिस्टनी हिला त्यांच्या वायफायचा पासवर्ड देऊन टाकलाय. आमचं सुरू होईपर्यंत वापरा म्हणाले. जावयांनाही दिलाय. मी वर जाऊन आभार मानले आणि सहज विषय काढला. म्हणाले, वहिनींना विचारा.
हिला विचारलं. वहीतून मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला नको.”