बाजूची टीप

प्रिय बटण,

लहानपणी माझ्या शिवणाच्या डब्यातलं बटण गिळलंस म्हणून पडलेलं हे नाव. आता तुझ्या लेकीला दात यायला लागले, तरी माझ्या तोंडून ते जात नाही. फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून घाबरली असशील. घाबरण्यासारखंच आहे. तुझी आई वाळून काडी झाली आहे, आणि डॉक्टर म्हणतात, आता ती भरून येणार नाही.

तिचं खाणं कधीपासून कमी झालं, ते मला खरंच सांगता येत नाही. माझी सवय तुला माहीतच आहे. जेवणाचं ताट मशीनशेजारी, एक हात घासावर, दुसरा कापडावर. तिला विचारलं की म्हणायची, "माझं मघाशीच झालं." बायकोच्या शब्दावर शंका घ्यायची माझी काय बिशाद!

मध्येच कधीतरी गाऊन घेऊन ती दुकानात यायची. "जरा ढगळ झालाय, बाजूने एक टीप मारून द्या." मी मारून द्यायचो. वर थट्टा करायचो, की म्हातारपणी कंबर बारीक करून कुणाला भुलवणार आहेस? ती हसायची. काही दिवसांनी दुसरा गाऊन घेऊन यायची, मग पुन्हा पहिला. माझ्या हातचा कपडा तिच्या अंगावर कधी लोंबला नाही, याचा मला केवढा तोरा होता.

मग दवाखान्यातल्या नर्सबाई घरोघर आल्या. म्हाताऱ्यांपैकी कोण नीट खातं, कोण खंगत चाललंय ते बघायला. आईला काट्यावर उभं केलं, पण तिचं आधीचं वजन किती होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी विचारलं, "आजी, कपडे सैल व्हायला लागलेत का?" आई ताठ मानेने म्हणाली, "छे! अगदी अंगाबरोबर बसतात. यांच्या हातचे आहेत." मी शेजारी उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होतो. ती खोटं बोलली नव्हती गं. बाईंनी तिला ठणठणीत ठरवलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

परवा आई न्हाणीघरात कोसळली. दवाखान्यात त्याच बाईंनी, अंगावर किती मांस उरलंय ते बघायला, तिच्या पोटरीला टेप लावली. उभा जन्म टेप गळ्यात घालून फिरलो, आकडा मला उलटाही वाचता येतो. तेवढं माप मी लहान मुलाच्या बाहीला घेतो. मी बाईंना टिपांचं सांगितलं. घरी येऊन मी तिचे सगळे गाऊन उलटे करून पाहिले. टिपेशेजारी टीप, सगळ्या सरळ, सुबक, माझ्याच. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. नाकातून नळी घालायची का, असं विचारलं डॉक्टरांनी, आणि फार फरक पडणार नाही हेही त्यांनीच सांगितलं. आई नको म्हणाली. तिला घरी आणलंय. मी चमच्याने दूध पाजतो. एखाद-दुसरा चमचा जातो, त्यापुढचा ती केवळ माझं मन राखायला गिळते. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की ती घसा खाकरते, आवाज चढवते, पोटभर जेवले म्हणून सांगते आणि मला डोळ्यांनी दटावून गप्प बसवते. सुट्टी लागली की येते म्हणालीस, तर तिने तुला आरामात ये म्हणून सांगितलं. तिचं ऐकू नकोस. टॉनिक, डबे, काहीही गोळा करत बसू नकोस, पत्र हातात पडताच नीघ. आरामात आलीस, तर घरात मी एकटाच असेन.

तुझाच,
बाबा