मायनसमधले पैसे

२० एप्रिल, रविवार

मोडलं. मीच मोडलं.

राजकुमारच्या मामांनी आज चहा पिता पिता गाडीचा विषय काढला. साखरपुड्याला यातला एक शब्द नव्हता. लग्न महिन्यावर आलं आणि आता म्हणे चारचाकी पाहिजे — मुलगा मास्तर आहे, चारचौघांत शोभलं पाहिजे. वर माझी नोकरी सोडायची. वाळूजच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून घरी येणारी सून त्यांना चालणार नाही.

मी राजकुमारकडं बघितलं. तो बशीकडं बघत होता. एकदा जरी वर बघितलं असतं!

मी म्हणाले, "मग राहू द्या."

आईला रडू आलं. सोनियानं, माझ्या धाकटीनं, ओट्याशी येऊन माझा हात दाबला. बाबा उठले. चपला घालून बाहेर निघून गेले. शहागंजातल्या कापड दुकानात उभं राहून उभा जन्म दुसऱ्यांच्या लग्नाचे बस्ते बांधले त्यांनी. माझा बस्ता कपाटावर तसाच आहे. वर बघवत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मीठसुद्धा आईकडून मागतात.

२४ एप्रिल, गुरुवार

हॉलवर जाऊन आले. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं. २५ मेचा हॉल मी माझ्या क्रेडिट कार्डावर घेतला होता — पन्नास हजार. बाबांना तेव्हा आवडलं नव्हतं. मुलीच्या पैशानं मांडव घालायचा व्हय, असं आईपाशी म्हणाले होते. मी मात्र खूश होते. बिल आलं तसं साठवलेल्या पैशांतून सगळं भरून टाकलं. कार्डावर एक रुपयाही बाकी ठेवला नाही.

अभय सर म्हणून तिथले मॅनेजर. माणूस सरळ आहे. म्हणाले, ती तारीख दुसऱ्या कुणी घेतली तर थोडं कापून बाकीचे परत. नाही घेतली तर काहीच नाही. पावतीवर तसं छापलेलंच आहे.

मी विचारलं, रोख द्याल का? नाही. ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत जाणार. तोच नियम.

पण कार्डाचं बिल तर मी कधीच फेडलंय. मग ते पैसे जाऊन बसणार कुठं? हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

राग आला होता — हॉलचा, कार्डाचा, सगळ्याचाच. जेवणाच्या सुट्टीत बँकेला फोन लावला. म्हटलं, कार्ड बंद करा.

पलीकडं तनुजा नावाची मुलगी होती. तिनं कारण विचारलं आणि मी मूर्खासारखं सगळं सांगून बसले. लग्नाचं पण! तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आत्ता बंद नका करू. रिफंड येईल तेव्हा कार्ड चालू असलं की सरळ जमा होतो. बंद कार्डाचे पैसे बुडत नाहीत, पण मागं लागून मिळवावे लागतात."

मी म्हटलं, माझी बाकी तर शून्य आहे.

"मग मायनस दिसेल. मायनस म्हणजे तुमचं देणं नाही. बँक तुमचं देणं लागते. तुम्ही खर्च केलात तर आधी त्यातून जातील. नाहीतर आम्हाला कळवा, तुमच्या खात्यात पाठवू."

एवढं सोपं होतं! फोन ठेवताना ती म्हणाली, काळजी घ्या. नेहमीचं "धन्यवाद" नाही. काळजी घ्या.

कार्ड बंद केलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

आमच्या लाइनवरचा बुद्धभूषण विचारत होता, पुढं काय करणार. त्याला सगळं माहीत आहे, पण लग्नाचं काढलं नाही. चिकलठाण्यातल्या एका संस्थेत मोल्ड डिझाइनचा कोर्स आहे म्हणाला. शनिवार-रविवार, जूनपासून. फी भरायची शेवटची तारीख १६ मे. आपल्या डिप्लोमावर प्रवेश मिळतो.

चार वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या डिझाइनचे प्लास्टिकचे पार्ट तपासतेय. कुठं साचा चुकलाय ते हात लावल्यावर कळतं. साचा आपणच काढला तर?

फी ऐकून मनात हिशेब केला. जवळचं सगळं कार्डाच्या बिलात गेलंय. हॉलचे आले तर होईल. आले तर.

पण आज बसमध्ये पहिल्यांदा राजकुमारचा विचार आला नाही. पेट्रोल पंपाच्या चौकापासून मुकुंदवाडीपर्यंत मी साच्यांचाच विचार करत आले.

६ मे, मंगळवार

तारीख अजून कुणी घेतलेली नाही. अभय सर म्हणाले, मेमधले हॉल लोक दिवाळीतच धरून ठेवतात, आता कोण येणार.

९ मे, शुक्रवार

काय लिहू. हात थांबत नाही.

कंपनीच्या गेटवर असताना अभय सरांचा फोन आला. २५ मे गेली! सोयरीक आत्ताच जुळलेली पार्टी आहे, घाईचं लग्न. पैसे आज कार्डावर परत पाठवले, यायला आठवडाभर लागेल. मी त्यांचे आभार मानायला लागले तर म्हणाले, "माझे कशाला? पार्टी तुमच्या वडिलांनी आणली."

मला कळेचना. त्यांनी सांगितलं ते असं. करमाडकडचे काकासाहेब म्हणून कुणी शेतकरी मुलीचा बस्ता बांधायला बाबांच्या दुकानात आले. बाबांनी तारीख विचारली, हॉल ठरलाय का विचारलं आणि दुकान सुटल्यावर स्वतः त्यांना रिक्षात घालून हॉल दाखवायला घेऊन गेले.

घरी येऊन आईला खोदून विचारलं. ती आधी नाय नाय म्हणत राहिली. मग भाकरी थापता थापता बोलली.

"तू हॉलचं मला सांगितलंस ते त्यांनी ऐकलं, तवापासून रोजचंच चाललं होतं त्यांचं. बस्त्याला आलेल्या दर माणसाला इचारायचे, हॉल पाहिजे का म्हणून. लोक इचारायचे, कुणाचं मोडलं? तर म्हणायचे, माझ्या थोरलीचं."

ज्या माणसाला शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून मी गल्लीतून मान खाली घालून जात होते, तो रोज अनोळखी लोकांना आपल्या तोंडानं हे सांगत होता. उभ्यानं. साड्या उलगडत.

जेवताना ताट मी वाढलं. त्यांनी वर बघितलं नाही. एक भाकरी जास्त वाढली. त्यांनी खाल्ली.

१२ मे, सोमवार

कार्डावर अजून काही नाही. सुट्टी झाली की ॲप उघडते. पैसे पाठवलेत ते कळतं, वाटेत कुठं असतात ते कुणालाच कळत नाही.

१५ मे, गुरुवार

आले!

सकाळी ॲप उघडलं तर बाकीच्या जागी मायनस आणि पुढं पंचेचाळीस हजार. तनुजानं सांगितलं होतं तसंच. मी एवढ्या जोरात "आई" म्हटलं की सोनिया आंघोळ अर्धी टाकून आली.

आईनं मायनस बघितला आणि कपाळाला हात लावला. बाबा दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच, उठून आले. मोबाइल हातात घेऊन लांब धरला. आणि बोलले — माझ्याशी, पंचवीस दिवसांनी.

"किती कर्ज काढलंस?"

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, बाबा, कर्ज नाही. हॉलचं बिल मी मार्चमध्येच भरलं होतं. आता हॉलवाल्यानं पैसे परत केले. माझ्याकडं तर बँकेचं काही निघत नव्हतं, मग ते माझ्या नावानं बँकेकडं पडून आहेत.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी गिऱ्हाईकानं रोख देऊन साडी नेली अन् नंतर परत आणली. पैसे दुकानात त्याच्या नावावर जमा."

"हो."

"मग दुकान देणं लागतं. असं सांग की."

आणि दाढी करायला परत गेले. आरशातून एकदा माझ्याकडं बघितलं. मी कोर्सचं सांगून टाकलं. तिथल्या तिथं, एका दमात. ते ऐकत होते. वस्तरा थांबला होता.

१६ मे, शुक्रवार

शेवटची तारीख. खात्यात पैसे मागवले तर चार-पाच दिवस जाणार — तोवर प्रवेश बंद! परत बँकेला फोन. या वेळी दुसराच कुणी होता. म्हणाला, खात्यात कशाला घेता, फी कार्डानंच भरा, आधी तुमचेच जमा पैसे कटतील.

संस्थेच्या ऑफिसात कार्ड दिलं. मशीनमधून पावती आली. बाहेर येऊन ॲप बघितलं — मायनस आहेच, फक्त लहान झालाय. नवीन बिल नाही, व्याज नाही, काहीच नाही. राहिलेले खात्यात पाठवा म्हणून तिथूनच विनंती टाकली.

रात्री बाबांनी विचारलं, "भरली का?" मी म्हटलं, भरली. "बरं," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

२२ मे, गुरुवार

उरलेले खात्यात आले. कार्डावर आता शून्य. कार्ड राहू देणार आहे.

२५ मे, रविवार

सकाळी बाबा म्हणाले, काकासाहेबांनी आवतण दिलंय, चल. मला त्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नव्हता. तरी बस्त्यातली हिरवी साडी काढली, नेसले आणि गेले.

दारातच बाबांच्या दुकानाचे शेठ भेटले. माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "लग्न मोडलं ती हीच का, साहेबराव?"

मी मान खाली घातली. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिनं लग्न नाय मोडलं, शेठ. सौदा मोडला. मला जमलं नसतं ते हिनं केलं."

मग मला पुढं घालून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.